मनगट मोडलं तेव्हाच विचारायला हवं होतं

माझी आत्या एकसष्टाव्या वर्षी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या घराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं, मग महिनाभर कोमट पाण्यात हात धरून तिने चेंडू दाबला आणि दिवाळीत नेहमीसारख्या चकल्या पाडल्या. घरातले सगळे निश्चिंत झाले. पुढे नऊ वर्षांनी ती मोरीकडे जाताना घसरली आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया नीट झाली, पण खंडेराव मार्केटात एकटीने जाऊन पारखून भाजी आणणारी आत्या आम्हाला पुन्हा दिसली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बडोद्यातच काम करते. माझ्याकडे बायका येतात त्या हाड मोडल्यानंतर. वॉकर धरून पहिली चार पावलं टाकायला शिकवताना मी त्यांना मागचं विचारत जाते, आणि कितीतरी जणी सांगतात, "हो गं, मागे एकदा हात मोडला होता, पण तो छान जुळला." हात जुळला हे खरंच असतं. पण उंबऱ्याला अडखळण्याएवढ्या साध्या कारणाने हाड मोडलंच कसं, हे त्या वेळी कोणी विचारलेलं नसतं. आत्याच्या त्या नऊ वर्षांत तिलाही कोणी विचारलं नाही. ती नऊ वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. "माझी हाडं झिजली आहेत" असं आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना म्हणतात. गुडघे दुखतात, जिना चढताना कटकट वाजतात, मांडी घालून बसता येत नाही, ही सांध्याची झीज. तिथे हाडांच्या टोकांवरची गादी खराब झालेली असते. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे खुद्द हाड आतून विरळ आणि ठिसूळ होणं. पारिभाषिक भाषेत त्याला अस्थिसुषिरता म्हणतात. सुषिर म्हणजे पोकळ, छिद्रं असलेलं. बासरीला आपण सुषिर वाद्य म्हणतो तोच शब्द. सांध्याची झीज दुखते, ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. त्यामुळे होतं असं, की गुडघे दुखणाऱ्या, अंगाने भरलेल्या काकू दर वर्षी हाडांच्या डॉक्टरकडे जातात आणि शेजारच्या सडपातळ, तुरुतुरु चालणाऱ्या, कसलीच तक्रार नसलेल्या मावशींकडे कोणाचं लक्षही जात नाही. खरी काळजी अनेकदा त्या मावशींची करायला हवी असते.

हाडाच्या आत काय होतं

ढोकळ्याला छान जाळी पडली की बडोद्याच्या घरात कौतुक होतं. हाडाच्या आतही जाळीच असते, वरून कडक कवच आणि आत बारीक दांड्यांची गुंफण. मणके, मनगटाची आणि खुब्याची टोकं या ठिकाणी ही जाळी जास्त असते. ढोकळ्यात भोकं मोठी झाली की तो हलका होतो आणि बोटाने दाबला तरी बसतो. हाडाचंही तसंच. भोकं मोठी होत जातात, मधल्या दांड्या बारीक होतात, काही तुटून जातात, आणि बाहेरचं कवचही पातळ होतं. बाहेरून हाडाचा आकार तोच राहतो.

हे होतं कशामुळे? हाड म्हणजे एकदा बांधून ठेवलेली भिंत नव्हे. पोळीतल्या, म्हणजे इथल्या जुन्या गल्लीतल्या, घरात जशी सतत डागडुजी चालू असते, तशी हाडात आयुष्यभर चालू असते. एक प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात, दुसऱ्या पेशी तिथे नवं भरतात. या उलाढालीत साधारण दहा वर्षांत आपला सगळा सांगाडा बदलून निघतो. तिशीच्या आसपास हाडांची शिल्लक सर्वात जास्त असते. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक पोखरणाऱ्या पेशींना आवरून धरतं. पाळी कायमची गेली की हा आवर सुटतो. पोखरणं वाढतं, भरणं त्याला पुरं पडत नाही. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच ते दहा वर्षं ही घट सर्वात वेगाने होते.

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. म्हणजे साठीला पोचलेल्या आपल्या बाईच्या हाडांनी त्या आवराविना तेरा-चौदा वर्षं काढलेली असतात. शिवाय लहानपणी पोटात किती दूध-नाचणी गेली, पाठोपाठ बाळंतपणं किती झाली, घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर ताटात काय उरलं, या सगळ्याचा हिशेब तिशीच्या त्या शिलकीत आलेलाच असतो.

इथे दोन चुकीचे दिलासे फार वेळा ऐकू येतात. पहिला, "रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं." ते नॉर्मलच येणार. हृदय आणि स्नायू चालवायला रक्तात कॅल्शियम ठरावीक पातळीवर असावंच लागतं, आणि कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं. घरखर्च सुरळीत चालला आहे म्हणून बँकेतली ठेव शाबूत आहे असं होत नाही. ठेव मोडूनच खर्च चाललेला असू शकतो. दुसरा दिलासा, "एक्स-रे चांगला आहे." साध्या एक्स-रेवर हाड फिकं दिसायला लागतं तेव्हा त्यातला सुमारे तीस टक्के तरी भाग गेलेला असतो.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न

पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून, म्हणजे चालता चालता, उभ्याउभ्या किंवा खुर्चीवरून पडून, हाड मोडलं आहे का? हाताची-पायाची बोटं आणि चेहरा-कवटी सोडून द्या. मनगट, खांदा, बरगडी, मणका, कंबर, खुबा, यांतलं काही मोडलं असेल तर बाकीचे सगळे प्रश्न नंतर. चांगलं हाड एवढ्याशा धक्क्याने मोडत नाही. एकदा असं मोडलेल्या बाईला पुन्हा हाड मोडण्याचा धोका तिच्याच वयाच्या इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो, आणि पहिली दोन वर्षं त्यात जास्त जोखमीची असतात. "पाय घसरला म्हणून मोडलं, फरशी ओली होती" हे कारण आपण इतक्या सहज देतो, की फरशीचाच सगळा दोष ठरतो आणि हाडाकडे पाहणं राहून जातं. प्लास्टर काढण्याच्या दिवशीच "हाडांची घनता तपासायची का?" हे डॉक्टरांना विचारा. त्यांनी सुचवण्याची वाट पाहू नका.

मणक्याचं मोडणं याहून फसवं असतं. मणका काडीसारखा कडाडून मोडत नाही, ओल्या मातीच्या विटेसारखा दबून बसतो. बादली उचलताना, गादी उलटताना, कधी जोराची शिंक आल्यावरही. पाठीच्या मध्यावर एकदम कळ येते. घरात म्हणतात उसण भरली, गॅस झाला असेल. बाम लावतात, शेक देतात, आणि तीन-चार आठवड्यांत कळ कमी होते. मणक्यांच्या अशा मोडण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कधी ओळखलीच जात नाहीत. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या पाठीत अशी अचानक कळ आली तर पाठ जोराने रगडून घेऊ नका, पाठीवर पाय देऊन "मणका बसवणाऱ्या" कोणाकडे जाऊ नका. आधी एक्स-रे काढा. हे मी कळकळीने सांगते, कारण दबलेल्या मणक्यावर वरून जोर देणं म्हणजे काय हे मी पाहिलं आहे.

परकर जमिनीला लागतो

दबलेले मणके दुखले नाहीत तरी उंचीत दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "उंची कमी झाली का हो?" त्या म्हणाल्या, "ते नाही बाई माहीत, पण हल्ली सगळे परकर दुमडून शिवून घ्यावे लागतात." याहून स्पष्ट उत्तर काय असणार! नेहमीची साडी नेसताना पदर तेवढाच ठेवूनही काठ पायात येऊ लागणं, ब्लाउज पुढून वर चढणं आणि मागून तोकडा वाटणं, फडताळातल्या ज्या वरच्या खणापर्यंत हात सहज जायचा तिथे टाचा उंचावाव्या लागणं, हे सगळे उंची गेल्याचे पुरावे आहेत. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची गेली असेल, किंवा अलीकडच्या दोन मोजण्यांत दोन सेंटिमीटरचा फरक असेल, तर मणक्यांचा एक्स-रे काढायला ते पुरेसं कारण आहे. तरुणपणची उंची आठवत नसेल तर जुना पासपोर्ट, नोकरीच्या वेळचा वैद्यकीय दाखला, नाहीतर लग्नातला दोघांचा उभा फोटो शोधा.

घरी करता येतील अशा दोन तपासण्या सांगते. आईला भिंतीला टाचा आणि पाठ टेकून सरळ उभं करा, नजर समोर. डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का बघा. अंबाडा असेल तर आधी सोडायला सांगा, नाहीतर अंतर केसांचंच मोजाल. हनुवटी वर न उचलता डोकं टेकत नसेल तर पाठीच्या वरच्या भागात मणका दबलेला असण्याची शंका घ्यावी. दुसरी, तिच्या मागे उभं राहून कुशीवर बोटं ठेवा, सर्वात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये. दोन बोटंसुद्धा मावत नसतील तर कंबरेच्या भागात उंची गेलेली असू शकते. डोकं टेकलं आणि बोटं मावली म्हणून हाडं चांगली आहेत असं मात्र सिद्ध होत नाही. या खुणा दिसल्या तर बोलतात, दिसल्या नाहीत तर त्यावरून काहीच ठरत नाही.

वयातून वजन वजा करा

हाडांची घनता मोजणाऱ्या यंत्राशिवाय धोका ओळखण्याची सर्वात सोपी रीत ही वजाबाकी आहे. २००१ मध्ये पूर्व आणि आग्नेय आशियातल्या आठ देशांतल्या, पाळी गेलेल्या बायकांच्या तपासण्यांवरून ती बसवली गेली. मूळ सूत्रात किलोतल्या वजनातून वय वजा करून ०.२ ने गुणतात आणि उणे एक, उणे चार अशा रेषा आखतात. त्याचा घरगुती अर्थ एवढाच: वयाचा आकडा वजनाच्या आकड्यापेक्षा वीसहून जास्त मोठा असेल तर धोका जास्त. फरक पाच ते वीसच्या मध्ये असेल तर मध्यम, पाचपेक्षा कमी असेल तर कमी. बहात्तर वर्षांच्या, ४४ किलोच्या आजी घ्या. फरक अठ्ठावीस, धोका जास्त, तपासणी लांबवू नये. अठ्ठावन्न वर्षांच्या, ६२ किलोच्या काकूंचं वजनच वयाहून जास्त, म्हणजे या हिशेबाने धोका कमी.

इतक्या साध्या आकड्यातून काही कळतं याचं नवल वाटेल. पण हाडाची घट दोन गोष्टींशी घट्ट बांधलेली आहे: पाळी जाऊन किती वर्षं झाली, जे वयावरून कळतं, आणि हाडांवर रोज भार किती पडतो, जे वजनावरून कळतं. शिवाय चरबीतही थोडं इस्ट्रोजेन तयार होतं.

ही वजाबाकी फक्त "यंत्रापर्यंत कोणाला आधी न्यायचं" एवढंच सांगते, आणि तिला फार गोष्टी दिसत नाहीत. ६२ किलोच्या त्या काकूंना वीस वर्षांचा मधुमेह असेल तर? दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हाडांची घनता ठीक, कधी चांगलीही येते, तरी हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो, कारण हाडाची प्रत बिघडते. म्हणून आकड्यापाठोपाठ बोलणं आलंच.

बोलण्यात काय काढायचं? पाळी कधी गेली. पंचेचाळिशीच्या आत गेली असेल तर धोका वाढतो. "पिशवी काढली" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, बरोबर अंडाशयंही काढली होती का ते विचारा. पुष्कळ बायकांना हे माहीतच नसतं. शस्त्रक्रियेची जुनी फाइल कपाटातून काढावी लागते. अंडाशयं काढली असतील तर त्यांतून येणारं इस्ट्रोजेन त्याच दिवशी संपलं, मग वय अडतीस का असेना. आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का? धूम्रपान, रोजचं मद्य? आमवात, थायरॉइडचं जास्त काम करणं, मूत्रपिंडाचा जुना आजार, गहू न पचण्याचा सीलिअक आजार?

आणि औषधं. तीन महिने किंवा जास्त काळ पोटातून घेतलेलं स्टेरॉइड हे हाडांचं फार मोठं नुकसान करतं. प्रेडनिसोलोन रोज ५ मिलिग्रॅम एवढ्यानेही. इथे नुसतं "स्टेरॉइड घेता का?" विचारून भागत नाही, कोणी हो म्हणत नाही. "दम्यासाठी, सांधेदुखीसाठी, त्वचेसाठी कसली गोळी किंवा पुडी बरेच दिवस घेतलीत का?" असं विचारावं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, एका दिवसात सांधे मोकळे करणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. स्तनाच्या कर्करोगानंतर दिलं जाणारं लेट्रोझोल किंवा अॅनास्ट्रोझोल, फिट्सची काही औषधं, गरजेपेक्षा जास्त डोसमध्ये चाललेली थायरॉइडची गोळी, यांचाही परिणाम हाडांवर होतो. पण म्हणून औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत, हे स्पष्ट सांगते. त्यांच्यामुळे हाडांची तपासणी लवकर करायची, एवढंच.

यातले बहुतेक मुद्दे एकत्र करणारं फ्रॅक्स नावाचं गणित शेफील्ड विद्यापीठात तयार झालं आणि २००८ पासून इंटरनेटवर मोफत आहे. चाळीस ते नव्वद वयाच्या माणसासाठी ते पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत सांगतं, आणि त्यात भारताचा पर्याय वेगळा आहे, तोच निवडा. उत्तर बारा टक्के आलं तर त्याचा अर्थ, अशाच शंभर जणींपैकी साधारण बाराजणींचं हाड दहा वर्षांत मोडेल. त्या बाराजणींत आपली आई असेल की नाही हे ते सांगू शकत नाही. ती वारंवार पडते का हेही ते विचारत नाही, स्टेरॉइडचा डोस विचारत नाही, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला स्वतंत्र जागा देत नाही. त्यामुळे उत्तराचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जावं, त्यावरून स्वतः निर्णय करू नये.

मला यात एका गोष्टीची खंत वाटते. सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनाही. त्या शाळांत शिकलेल्या बायकांच्या आपण नाती-पणत्या. आमच्या घरात पणजीच्या हातची जमाखर्चाची वही अजून आहे, दुधाचे पैसेही लिहिलेले. पण घरातल्या एकाही बाईची पाळी कधी गेली, उंची किती होती, शस्त्रक्रियेत काय काढलं, हे कुठेही लिहिलेलं नाही. एका वहीचं एक पान त्यासाठी ठेवायला काय हरकत आहे?

डेक्सा आणि तिचा कागद

पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने, आणि पाळी गेलेल्या पण पासष्टीच्या आतल्या, वरचं काही लागू पडणाऱ्या बाईने डेक्सा करून घ्यावी. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीची शिफारस हीच आहे. डेक्सा म्हणजे दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी हाडातल्या खनिजाचं मोजमाप. कपड्यांनिशी टेबलावर निजायचं, वरून यंत्राचा हात सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटांत संपतं. बोगद्यात शिरायचं नसतं, सुई नसते, आणि किरणं छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी. कंबरेचे मणके आणि खुबा मोजतात, कधी हाताचं पुढचं हाड.

सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर लागतं आणि टाचेला जेल लावून मोजतात, ती डेक्सा नव्हे. ती ध्वनिलहरींची तपासणी. तिचा आकडा वाईट आला तर डेक्सा करा. चांगला आला आणि धोक्याची कारणं असतील तरीही डेक्सा करा. टाचेच्या आकड्यावरून औषध सुरू करू नये, आणि निर्धास्तही होऊ नये.

अहवालात टी-स्कोअर आणि झेड-स्कोअर असे दोन आकडे असतात, आणि घरचे लोक नेमका चुकीचा वाचतात. टी-स्कोअर तुमच्या हाडाची तुलना तरुण, निरोगी बाईच्या हाडाशी करतो. झेड तुमच्याच वयाच्या बाईशी. सत्तरीच्या बाईचा झेड चांगला दिसणारच, कारण तिच्या वयाच्या सगळ्यांचीच हाडं विरळ झालेली असतात. पाळी गेलेल्या बाईने टी बघायचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाड विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली ऑस्टिओपोरोसिस. वेगवेगळ्या जागांचे आकडे वेगळे आले तर सर्वात खालचा धरतात.

"उणे २.२ आहे, म्हणजे अजून झालेला नाही" असं म्हणून अहवाल कपाटात ठेवू नका. मधल्या पट्टीत बायकांची संख्या इतकी मोठी आहे, की मोडणाऱ्या हाडांपैकी अर्ध्याहून अधिक उणे २.५ च्या वरच्या बायकांची असतात. आणि साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल तर टी-स्कोअर काहीही येवो, तो ऑस्टिओपोरोसिसच. आणखी एक, म्हातारपणी कंबरेच्या मणक्यांना सांध्याच्या झिजेमुळे वाढीव हाड फुटतं, ते मोजमापात मिसळतं आणि मणक्याचा आकडा खोटाच चांगला दिसतो. अशा वेळी खुब्याच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवतात. पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही.

पडणार कोण

हाड ठिसूळ आहे आणि बाई पडलीच नाही, तर बहुतेक वेळा खुबा मोडत नाही. म्हणून माझ्या कामाचा अर्धा भाग पडण्याचा धोका ओळखण्याचा आहे. एक चाचणी घरी करून बघा. हात असलेल्या पक्क्या खुर्चीवर आईला बसवा; झोपाळ्यावर नको. समोर तीन मीटरवर खूण करा. उठायचं, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजावं. सेकंदांपेक्षाही मी वळणं बघते. वळताना पावलं बारीक होतात का, हात भिंत शोधतो का. गेल्या वर्षभरात एकदा जरी पडली असेल, दुखापत झाली नसली तरी, ते सांगायला सांगा. बायका ते लपवतात, कारण पडलं कळलं की मुलं बाहेर जाऊ देत नाहीत, ही भीती खरी असते. विचारताना रागावू नका.

कारणं शोधली की बऱ्याचदा सुटण्यासारखी निघतात. लांबवलेला मोतीबिंदू, झोपेची गोळी, रक्तदाबाच्या गोळीने उठताना येणारी चक्कर, रात्री मोरीपर्यंतचा अंधार, सैल सपाता. आपल्या जुन्या पोळीतल्या घरांचे उभे लाकडी जिने आणि उंच उंबरे हा तर वेगळाच विषय. जिन्याला दोन्ही बाजूंनी धरायला कठडा आणि मोरीत भिंतीला पक्की दांडी, ही दोन कामं सुताराकडून-गवंड्याकडून याच आठवड्यात करून घेता येतात.

निदान झाल्यावर डॉक्टर आधी रक्ताच्या तपासण्या करतात, कारण ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही घनता कमी येते आणि थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंड यांचं दुखणं मागे दडलेलं असू शकतं. औषधं चांगली आहेत. आठवड्याची गोळी असते, ती सकाळी रिकाम्या पोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं औषध आहे, सहा महिन्यांनी एकदा कातडीखाली द्यायचं इंजेक्शन आहे. या शेवटच्या औषधाची तारीख चुकवायची नाही आणि ते आपल्या मनाने थांबवायचं तर मुळीच नाही. थांबवलं की हाड झपाट्याने घटतं आणि मणके एकामागून एक दबू शकतात. नुसत्या कॅल्शियमच्या गोळीने ऑस्टिओपोरोसिस बरा होत नाही. कॅल्शियम हा माल आहे, गवंडी वेगळा लागतो. तरी माल हवाच. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम. दूध, दही, नाचणी, तीळ यांतून जमेल तेवढं घ्यावं. आणि कमाटीबागेत पहाटे सहाला फिरणाऱ्यांनी ऐकावं: चालणं उत्तम, पण त्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. त्यासाठी आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडेल असं ऊन लागतं. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, पतंग उडवायला आपण भर दुपारी गच्चीवर असतो तसं.

गेल्या रविवारी मी आईला भिंतीला उभं केलं. दाराच्या चौकटीवर आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा अजून आहेत, त्यांच्याशेजारी तिची रेघ ओढली. नोकरीला लागतानाच्या दाखल्यावरची तिची उंची एकशे चौपन्न सेंटिमीटर, आताची रेघ एकशे साडेएकोणपन्नासावर. वय अडुसष्ट, वजन ४७, फरक एकवीस. डोकं भिंतीला टेकलं, पण हनुवटी थोडी वर गेली. "दुखत तर काही नाही गं मला," ती म्हणाली. गुरुवारी सकाळी साडेनऊला तिची डेक्सा आहे, आणि त्याच वेळी मणक्यांचा एक्स-रेही. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही, आणि हूक नसलेला, सैल पंजाबी ड्रेस घालायचा, एवढं तिला सांगून ठेवलं आहे. आत्याच्या हाताच्या प्लास्टरचा जुना कागदही तिने कुठूनसा काढून दिला आहे. तो फाइलमध्ये पहिला लावला.